मृण्मयीची टिपणं

मृण्मयी देशपांडे, मृण्मयी गोडबोले, मृण्मयी लागू. पहिल्या दोघी अभिनेत्री. तिसरी 'थप्पड' या हिंदी चित्रपटाची सहलेखिका, रीमा लागूंची मुलगी. तिघींचं इंग्रजी स्पेलिंग एकच : एम, आर, यू, एन, एम, ए, वाय, डबल ई. त्यातला 'यू' मराठी माणसाचा. बंगाली माणूस तिथे 'आय' लिहितो, हिंदीवालाही. आपण 'म्रु' म्हणतो, ते 'म्रि' म्हणतात.

मराठीतही हे इतकं सरळ नाही म्हणा. मृणाल गोरे 'आय', मृणाल कुलकर्णी 'आय', मृणाल ठाकूर 'यू'. माझा अंदाज असा, की जुन्या लोकांनी संस्कृत नावांची स्पेलिंगं पुस्तकांत पाहून उचलली आणि नवी मंडळी जिभेवर येतं तसं लिहितात. मला नव्यांचं पटतं. जे बोलतो ते लिहावं, निदान परक्याला निम्मा उच्चार तरी कळतो.

गो. नी. दांडेकरांनी एका कादंबरीला 'मृण्मयी' नाव दिलं. मृणाल कुलकर्णी ही त्यांचीच नात. त्या घराला 'मृ'चं वावडं नव्हतं एवढं नक्की.

*

भाचीला मुलगी झाली. नाव ठेवायचंय मृण्मयी. भाची आणि जावई एका बाजूला, सासूबाई दुसऱ्या बाजूला, सासरे 'तुमचं तुम्ही ठरवा' म्हणत पेपरात डोकं घालून. मी प्रुफं तपासण्यात उमेद घालवलेली बाई, म्हणून फोन मला.

"मावशी, सासूबाई म्हणतात 'मृ'वरून नकोच. मृत्यू, मृत, मृतदेह असलंच काहीतरी मनात येतं म्हणे."

"मग मृदू? मृदंग? मृग नक्षत्र?"

"सांगून झालं गं. त्या म्हणाल्या, पेपरात रोज मृदंग येतो का?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. विहीणबाईंचं वाचन पक्कं आहे.

नंतर सुचलं ते असं. 'पार्थिव' या नावाचा अर्थही तोच, मातीचा, पृथ्वीचा. गणेशचतुर्थीला आपण घरी आणतो तो पार्थिव गणपती. आणि पेपरात? 'पार्थिवावर अंत्यसंस्कार'. दर दोन दिवसांनी. तरी मुलाचं नाव पार्थिव ठेवताना कुणी कचरत नाही. पार्थिव पटेल 2002 साली, वयाच्या सतराव्या वर्षी इंग्लंडमध्ये पहिली कसोटी खेळला, तेव्हा चर्चा त्याच्या वयाची झाली, नावाची नाही. मुलाच्या नावाला एवढी सूट आणि मुलीच्या नावाची एवढी झडती, हे काही मला नवीन नाही.

*

मृद् म्हणजे माती. मृण्मयी म्हणजे मातीची, मातीने घडलेली. पण या शब्दाच्या आरंभी असलेला ऋकार आता कुणालाच धड म्हणता येत नाही. तो मुळात स्वर. अ, इ, उसारखा. त्याचा उच्चार 'रु' नव्हे आणि 'रि'ही नव्हे. तो मूळ उच्चार लोकांच्या बोलण्यातून फार पूर्वीच गेला, आणि प्रत्येक प्रांताने त्या रिकाम्या जागी आपापली सोय करून घेतली. मराठी, गुजराती, ओडिया, कन्नड, तेलुगू 'रु'कडे झुकल्या. हिंदी आणि बंगाली 'रि'कडे. त्यामुळे 'म्रुण्मयी बरोबर आणि म्रिण्मयी चूक' असं ठणकावून सांगणाऱ्या मराठी माणसाने जरा दमाने घ्यावं. दोघांचीही सोयच आहे.

गंमत त्याही पुढे आहे. 'रु' ही आपली फार जुनी सवय, असंही नाही. संस्कृतातले शब्द जेव्हा प्राकृतातून झिजत झिजत मराठीत आले, तेव्हा त्या ऋकाराचं आपण बहुधा 'अ' केलं. मृत्तिका, तिची झाली माती. मृदूचं झालं मऊ. तृणाचं तण, नृत्याचा नाच. हिंदीने त्याच मृत्तिकेची मिट्टी केली, घृताचं घी केलं, म्हणजे 'इ'. 'म्रु' हा उच्चार आपण पोथीतून परत आणलेल्या शब्दांपुरता राखून ठेवलेला. तोंडाला स्वतःहून जे जमलं ते 'माती'. मुलीचं नाव माती कुणी ठेवणार नाही, आणि 'मृण्मयी'वर मात्र जीव जातो. अर्थ तोच.

*

आता तो 'ण'. व्याकरणात ज्यांना रस नाही त्यांनी हे टिपण सोडून पुढचं वाचलं तरी चालेल.

मृद् आणि मय. 'म' हा अनुनासिक पुढे आला की 'द्'चा 'न्' होतो. तद् + मय = तन्मय, चिद् + मय = चिन्मय, तसंच मृद् + मय = मृन्मय. आता ऋ, र किंवा ष यांच्या मागून 'न' आला की त्याचा 'ण' होतो, हा दुसरा नियम. कृष्ण, तृण, वर्ण. मग मृन्मयचं मृण्मय व्हायला हवं ना? पाणिनीच्या हिशेबाने होत नाही. कारण अष्टाध्यायीच्या त्या शेवटच्या भागात मागे येणाऱ्या नियमाला पुढच्या नियमाने केलेलं काम दिसतच नाही. 'न'चा 'ण' करणारं सूत्र आधी येतं आणि 'द्'चा 'न्' करणारं नंतर. पहिल्याच्या लेखी तिथे अजून 'द्' आहे. 'द्'चा 'ण' कसा करणार?

म्हणजे काटेकोर संस्कृतात 'मृन्मयी'. बंगालीत आजही दंत्य 'न'नेच लिहितात. मराठीत 'मृण्मयी' रूढ झालं आणि माझ्या टेबलावर कुणी 'मृन्मयी' लिहून पाठवलं तर मी त्या नावाच्या बाईंना फोन करून विचारते, तुम्ही स्वतः कसं लिहिता? त्या म्हणतील ते ठेवते. विशेषनामाला व्याकरणाचा बडगा दाखवू नये, हा मुद्रितशोधनातला जुना शिरस्ता आहे. शिवाय ऋकारानंतर जीभ मूर्ध्याशी गेलेलीच असते, तिथून 'ण' येणं स्वाभाविक. पाणिनीला सूत्रांचा क्रम होता, मराठी जिभेला नाही.

ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात वसिष्ठाची वरुणाला प्रार्थना आहे, की मला त्या मृन्मय घरात जाण्याची वेळ आणू नकोस. मातीचं घर म्हणजे तिथे थडगं, असा अर्थ बरेच अभ्यासक लावतात. म्हणजे विहीणबाईंच्या शंकेला थेट वेदाचा आधार निघतो. मी हे त्यांना सांगितलेलं नाही.

*

मृण्मयी नावाची सगळ्यात गाजलेली मुलगी बंगालची. रवींद्रनाथ टागोरांच्या 'समाप्ती' या कथेतली. झाडावर चढणारी, मुलांच्यात खेळणारी, गावाला न आवरणारी. सत्यजित राय यांनी 1961 मध्ये, टागोरांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, 'तीन कन्या' केला, त्यात ही कथा घेतली. अपर्णा दासगुप्ता, म्हणजे पुढच्या अपर्णा सेन, तेव्हा जेमतेम पंधरा-सोळा वर्षांच्या, त्यांची ती पहिली भूमिका. कथेतल्या नायकाचं नाव अपूर्व. राय यांनी चित्रपटात ते बदलून अमूल्य केलं. मृण्मयीला मात्र हात लावला नाही. लावताही आला नसता. चिखलात घसरणाऱ्या माणसाला पाहून हसणारी पोर आहे ती, दुसरं कुठलं नाव तिला शोभलं असतं?

बंगालमध्ये या नावाला देवीचंही वलय आहे. बांकुरा जिल्ह्यातल्या विष्णुपूरला मल्ल राजांची कुलदेवता मृण्मयी, तिचं देऊळ 997 सालचं असल्याचं परंपरा सांगते. दुर्गापूजेत मातीची मूर्ती ती मृण्मयी, आणि प्राणप्रतिष्ठा झाली की तीच चिन्मयी, असं म्हणतात. आपल्याकडे चिन्मयी हे नाव मृण्मयीपेक्षा जास्त ऐकू येतं. कारण उघड आहे. 'चिन्मयी' दोन वर्षांचं पोरही म्हणतं.

बंगाल्यांनी अवघड नावांवर एक तोडगा काढून ठेवलाय : प्रत्येकाला दोन नावं. 'भालो नाम' शाळेच्या दाखल्यासाठी, 'डाक नाम' हाक मारण्यासाठी. पहिल्यात हवी तेवढी जोडाक्षरं घाला, दुसरं खोकॉन, मिनू, बुबाई असलं काहीतरी. आपल्याकडेही घरचं नाव असतंच, पण आपण ते ठरवत नाही. ते लागतं. मृण्मयीची मनू होते, मृणू होते, कुठे नुसतीच 'मृ'. एका घरी धाकट्या भावाला 'मृण्मयी' म्हणता येईना म्हणून तो 'मुनमुन' म्हणायचा; ती बाई आता बँकेत अधिकारी आहे आणि भावाच्या फोनमध्ये अजून मुनमुनच.

*

ऋकाराने छळलेलं आणखी एक नाव, हृषीकेश. हृषीक म्हणजे इंद्रियं, त्यांचा ईश. गीतेत कृष्णाला हे नाव येतं. मराठीत याचं हृषिकेश झालं, मग 'ह' गळून ऋषिकेश झालं, आणि लोकांना वाटलं ऋषींचे केस. मग रुषिकेश. इंग्रजीत एच-आर-आय, एच-आर-यू, आर-यू, आर-आय, सगळे प्रकार मी एकाच शाळेच्या स्मरणिकेत पाहिलेत. गंगेकाठच्या गावाचं नावही ऋषिकेश असंच रुळलं. मूळ शब्दातला 'ह' उत्तरेत आणि दक्खनेत दोन्हीकडे गेला. याला मी चूक म्हणत नाही. एकाच नावाचे चार वेगवेगळे रुषिकेश आहेत, एवढंच.

*

ऋकार नसला तरी हे होतंच. प्रज्ञा. आपल्याकडे 'प्रद्न्या', हिंदीत 'प्रग्या', गुजरातीत 'प्रग्ना'. स्पेलिंगं तीन. आपलं डी-एन-वाय पाहून महाराष्ट्राबाहेरचा माणूस तिथेच थांबतो.

जुई. 'ज'चा उच्चार जहाजातल्या ज-सारखा. जीवनातल्या ज-सारखा नव्हे. देवनागरीत दोन्हींना एकच अक्षर, त्यामुळे दिल्लीला गेलेली जुई तिथे वेगळीच मुलगी होऊन राहते.

*

नाव किती लोकप्रिय आहे हे कसं कळतं? अमेरिकेत सोशल सिक्युरिटीचं खातं दरवर्षी यादी काढतं, 1880 पासूनच्या जन्मांची. एखादं नाव त्या वर्षी पाचपेक्षा कमी बाळांना ठेवलं असेल तर ते यादीत येत नाही, कारण त्यावरून माणूस ओळखू येऊ शकतो. इंग्लंड-वेल्समध्ये हीच मर्यादा तीनची. म्हणजे तिकडे 'दुर्मीळ' या शब्दाला आकडा आहे.

आपल्याकडे दुर्मीळ म्हणजे 'आमच्या सोसायटीत नाही'.

माझं मोजमाप वेगळं. बरीच वर्षं मी वधू-वर सूचींची प्रुफं पाहिली. कंटाळवाणं काम, पण नावांचे थर त्यात जसे दिसतात तसे कुठे दिसत नाहीत. आयांच्या रकान्यात सुमन, कुसुम, मालती, शालिनी. पुढच्या वर्षांत त्याच रकान्यात मंगल, सुनीता, अनिता, संगीता. मुलींच्या रकान्यात आधी वैशाली, मनीषा, स्वाती. मग प्राजक्ता, अमृता, अश्विनी. काही पानं अशी यायची की सलग सहा ओळी 'अश्विनी', आणि मला वाटायचं जुळारीकडून ओळ दुबार पडली. आता जन्मणाऱ्या मुली सई, ओवी, आरोही, अन्वी. त्या सूचीत येतील तेव्हा प्रुफं पाहायला मी नसेन.

मृण्मयी या कुठल्याच लाटेत नाही. ती प्रत्येक थरात आहे आणि प्रत्येक थरात एखाददुसरीच. शाळेतही तसंच, वर्गात एक. दुसरी असली तर दुसऱ्या तुकडीत. आडनावाचं आद्याक्षर लावून 'मृण्मयी के' आणि 'मृण्मयी पी' करायची वेळ तिच्यावर सहसा येत नाही.

असं का? मालिकांनी नावं पसरतात म्हणतात. 'कुंकू' मालिका घराघरांत पाहिली जायची, त्यात मृण्मयी देशपांडे होती. पण प्रेक्षकांच्या तोंडी ती जानकी, कारण पात्राचं नाव ते. श्रेयनामावलीतलं नाव वाचलं जातं, हाक मात्र पात्राला मारली जाते. उलट 'सारेगमप'च्या लिटिल चॅम्प्सच्या पर्वात मुलं स्वतःच्याच नावाने घरात आली. आर्या, मुग्धा, कार्तिकी ही नावं तेव्हा आजी-आजोबांच्याही तोंडी बसली. आर्याचं पुढे आणखीच झालं. 'गेम ऑफ थ्रोन्स' 2011 मध्ये सुरू झाली, त्यात आर्या नावाची मुलगी. अमेरिकेतल्या मराठी घरात जन्मलेल्या आर्येला तेव्हापासून शेजारी विचारतात, आईबाबा त्या मालिकेचे चाहते का?

पण मला वाटतं मृण्मयी लाटेत न सापडण्याचं खरं कारण तिचा उच्चार. लोकांना आवडतं, यादीत पहिल्या पाचांत येतं, आणि मग कुणीतरी म्हणतं, 'अवघड आहे हो, मुलांना म्हणता येणार नाही.' तिथे गळतं. 'वेगळं नाव हवं' म्हणणारे आईबाप दहा नावांतून नेमकं सोपं, दोन अक्षरी, परदेशातही चालेल असं निवडतात, आणि दुसऱ्या दिवशी पाळणाघरात तीन अन्वी भेटतात. ज्यांना खरोखर वेगळं हवंय त्यांनी जोडाक्षराला घाबरून कसं चालेल? उच्चाराचा त्रास हेच त्या नावाचं कुंपण आहे.

*

जुन्या शास्त्रांच्या परीक्षेला 'मृण्मयी' बसवून पाहिली. आश्वलायन गृह्यसूत्र म्हणतं मुलीच्या नावात अक्षरं विषम हवीत. मृण्-म-यी, तीन. पास. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात अटी आहेत : अर्थ स्पष्ट हवा, मनोहर हवं, मंगल हवं, शेवटी दीर्घ स्वर हवा. शेवटी 'यी' आहे, पास. आणि सगळ्यांत पहिली अट, उच्चारायला सोपं हवं. नापास.

पण त्याच मनूने तिसऱ्या अध्यायात नक्षत्रांची, झाडांची, नद्यांची नावं असलेल्या मुलींशी लग्न करू नये असंही म्हटलंय. रोहिणी, रेवती, गोदावरी, कृष्णा, यमुना, सगळ्या बाद. महाराष्ट्राने ते कधी मनावर घेतलेलं दिसत नाही. सोप्या उच्चाराची अट तरी का घ्यावी?

*

नावरस नावाचा घोळ. पत्रिकेत नक्षत्राच्या चरणावरून आद्याक्षर येतं. मघा असेल तर मा, मी, मू, मे. 'मृ' त्यात नाही. पण मराठी तोंडाने ती 'मू'च्या घरात जाते आणि हिंदी तोंडाने 'मी'च्या. दोन्ही मघेतच. भाचीच्या मुलीचं नक्षत्र आर्द्रा. तिथली अक्षरं कु, घ, ङ, छ. ङवरून नाव आजवर कुणी ठेवलेलं मला माहीत नाही. हस्ताला ण येतो, उत्तराभाद्रपदेला ञ. गुरुजींना विचारलं, अशा वेळी काय करता? ते म्हणाले, "जवळचं अक्षर घेतो." कशाच्या जवळचं, ते त्यांनी सांगितलं नाही.

*

शेजारच्या बारशाला मुलीचं नाव होतं ऋजुता. ताम्हणात तांदूळ पसरलेले, बाळाचे बाबा सोन्याच्या अंगठीने त्यात नाव लिहीत होते. कुलदेवतेचं, मासाचं, नक्षत्राचं झालं आणि व्यवहारातल्या नावाशी अंगठी अडली. 'ऋ'चा तो खालचा पाय तांदळात उमटेना. वळण घ्यायला गेलं की वरचे दाणे सरकून खाली यायचे आणि अक्षर पुन्हा कोरं. तीनदा ताम्हण हलवून तांदूळ सारखे केले. शेवटी आजीने सुचवलं, 'र'ला उकार देऊन टाक. सून म्हणाली, "आई, पहिल्याच दिवशी अशुद्ध?" मग अंगठी उभी धरून, दाणा दाणा बाजूला सारत त्याने 'ऋ' पुरा केला. फोटोग्राफर तोवर बुंदीच्या ताटाकडे.

मग पाळणा. वरवंटा पाळण्याखालून वरून फिरला. आत्या इंदूरची, तिकडेच वाढलेली, मराठी छान बोलणारी पण शब्दांचे कान हिंदीचे. तिने वाकून बाळाच्या कानात 'कुर्रर्र' केलं, बायकांनी पाठीत धपाटे घातले, आणि ती उभी राहून जाहीर म्हणाली, "रिजुता!" बाहेरच्या खोलीतून भावाचा आवाज आला, "रुजुता, ताई, रुजुता!" आत्या म्हणाली, "तेच म्हटलं ना मी?" तिच्या कानाला ते खरंच तेच होतं. घुगऱ्या वाटायला सुरुवात झाली आणि विषय मिटला.

*

यंत्राला काय म्हणता येतं? एका तपासणी केंद्रात रांगेत बसले होते. पडद्यावर नाव उमटायचं आणि ध्वनिमुद्रित बाई ते वाचायची. इंग्रजीतून वाचत असल्याने तिने एका मृण्मयीला 'मरन-मे-ई' अशी हाक मारली. कुणी उठेना. पुन्हा हाक. तेव्हा कोपऱ्यातली मुलगी शांतपणे उठली, तिला सवय असावी. शेजारची म्हातारी मला म्हणाली, "मरण कुणाला बोलावतंय बाई?" विहीणबाईंच्या बाजूचा हा आणखी एक पुरावा. पण दोष नावाचा नव्हे. देवनागरीत नाव हाताशी असताना यंत्राला इंग्रजीतून वाचायला लावणाऱ्याचा आहे.

*

अवघड नावाच्या बाजूने बोलताना एक नाव विसरू नये. नकुशी. उच्चारायला सोपं, अर्थ स्वच्छ, मराठी बाण्याचं. मुलगा हवा असताना झालेल्या मुलींना ठेवलेलं. सातारा जिल्ह्यात 2011 च्या ऑक्टोबरात जिल्हा परिषदेने समारंभ करून अशा अडीचशेहून जास्त मुलींची नावं बदलली, नवी प्रमाणपत्रं हातात दिली. मुलींनी आपापली नावं निवडली. पूर्वी धोंडू, दगडू, भिकू, केरू ही नावं ठेवायचे ती मूल जगावं, दृष्ट लागू नये म्हणून. कुरूप नावाआड माया असायची. नकुशीत ती नव्हती. उच्चार सोपा की अवघड हा प्रश्न ज्यांना पडतो, त्यांचं बरं चाललंय असं समजायला हरकत नाही.

*

भाचीचा परत फोन. "मावशी, ह्यांचं म्हणणं, अमेरिकेला गेलो तर? तिथे कोण म्हणणार मृण्मयी?"

तिकडच्या मराठी घरांत माया, रिया, नील, ईशान ही नावं का दिसतात ते यावरून कळतं. दोन्हीकडे चालतात, कुणाला समजावून सांगावं लागत नाही. त्यात गैर काही नाही. पण लांबलचक पोलिश आणि रशियन आडनावं तिथले लोक शिकलेच की. समोरच्याने शिकावं असं वाटत असेल तर आधी आपण दर वेळी नीट म्हणावं लागतं. बरीच मुलं कॉफीच्या दुकानात भलतंच सोपं नाव सांगून मोकळी होतात. तेही ठीक. कॉफीच्या कपावरचं नाव दहा मिनिटांचं असतं.

मी तिला एवढंच म्हटलं, "नाव ठेव, पण मग 'मनू म्हणा चालेल' असं आपणहून कुणाला सांगू नकोस. लोकांना मनू म्हणायचं तर ते म्हणतीलच."

*

आता कामाचं. जन्माची नोंद 21 दिवसांत करायची असते, पण नाव त्याच वेळी द्यावं लागत नाही. नावाचा रकाना कोरा ठेवून नोंद होते. नाव बारा महिन्यांपर्यंत विनाशुल्क घालता येतं, त्यानंतर शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत. तेव्हा दवाखान्यातच कारकुनाने विचारलं म्हणून घाईत काहीतरी सांगू नका. घरात भांडायला वेळ आहे.

महाराष्ट्रात 1 मे 2024 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांचं नाव सरकारी कागदांवर बाळ, आई, वडील, आडनाव अशा क्रमाने येतं. नावापुढे आता दोन नावं आणि आडनाव. मोठ्याने एकदा सलग म्हणून पाहा.

आणि 1 ऑक्टोबर 2023 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना शाळा, वाहन परवाना, मतदार यादी, पासपोर्ट, सगळीकडे जन्माचा दाखला हाच जन्माचा पुरावा. एक चूक तिथे राहिली की ती पुढे सगळीकडे जाते. इंग्रजी स्पेलिंग आईबाप चारदा तपासतात. देवनागरीकडे कुणी पाहत नाही, आणि नेमकं तिथेच 'मृण्मयी'चं 'म्रुण्मयी', 'मृणमयी' किंवा 'मृण्मई' होतं. दाखला हातात आला की खिडकीपासून हलण्याआधी मराठीतलं नाव वाचा. अर्धा ण आहे ना, शेवटी दीर्घ यी आहे ना, ते बघा. नसेल तर तिथल्या तिथे दुरुस्तीचा अर्ज द्या.